खाली कोणीतरी हवे

माणसाने वर चढावे हा निसर्गनियम आहे. खाली उतरावे, असा नियम आमच्या जिल्ह्यात तरी अजून कोणी पाळलेला दिसत नाही. फुटबॉलवाल्यांनी मात्र तो जगभर लावून टाकला. लीगच्या दोन श्रेणी असतात. हंगाम संपला की वरच्या श्रेणीतला शेवटचा संघ खाली जातो आणि खालच्या श्रेणीतला पहिला वर येतो. आमच्या नगरच्या लीगने ही पद्धत जशीच्या तशी स्वीकारली आणि मगच सुधारली. (मी लीगचा प्रसिद्धिप्रमुख असल्याने हे निःपक्षपातीपणे सांगतो.)

पहिल्याच हंगामात संगमनेरकडचा एक संघ सगळे सामने हरला. तुम्ही खाली गेलात, हे कळवायला आमचे सचिव रंभाजीराव त्या संघाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी चहा पाजला, पेढा दिला आणि मुलाच्या लग्नाची पत्रिकाही हातात ठेवली. आता पत्रिका देणाऱ्या माणसाला खाली कसे उतरवणार? नगरपालिकेत पडलेल्याला स्वीकृत सदस्य म्हणून आत घेतात. त्याच धर्तीवर आम्ही 'स्वीकृत संघ' हे पद काढले. तेव्हापासून शेवटचा येणारा संघ स्वीकृत होऊन वरच राहतो. पुढच्या वर्षी एक संघ तर या मानासाठी मुद्दाम हरला (खेळाडूंना वेगळे काही करावे लागले नाही).

वर जाण्याबाबत मात्र कडक शिस्त आहे. सत्काराशिवाय बढती नाही. सत्कार दिवाळीनंतरच्या सभेत होतो आणि कप्तानाने स्वतः येऊन शाल-नारळ घ्यायचा असतो. तो आला नाही तर नारळ दुसऱ्या क्रमांकाला जातो आणि नारळाबरोबर बढतीही. आणलेला नारळ परत नेणे बरे दिसत नाही.

तिसगावजवळच्या एका वाडीचा संघ चार वर्षे खालच्या श्रेणीत पहिला आला. कप्तान आदिनाथ. दिवाळी झाली की हा अख्खा संघ ऊसतोडीला जातो, त्यामुळे चारही नारळ दुसऱ्यांना गेले. खालच्या श्रेणीत संघ होते पाच. चार वर गेले, यंदा आदिनाथचा एकटाच उरला.

म्हणून यंदा आदिनाथ फडावर गेला नाही. वरच्या श्रेणीत खेळल्याचा दाखला पोलीस भरतीत उपयोगी पडतो, आणि वयात बसायचे त्याचे हे शेवटचे वर्ष. त्याच्या वाटणीच्या मोळ्या त्याची आई लंकाबाई वाहते आहे. तो सभेत उभा राहिला.

"सायेब, ह्या टायमाला मी आलोय. नारळ द्या."

रंभाजीराव मायाळू माणूस. म्हणाले, "पोरा, तू पयला आला खरा, पन एकटाच हायेस, म्हंजी शेवटचाबी तूच. पयल्यानं वर जायचं, शेवटच्यानं खाली. हिशोब जागच्या जागी मिटला."

"शेवटचा कुठं खाली जातो आपल्यात? तो स्वीकृत होतो. मंग मला स्वीकृत करा."

मुद्दा बिनतोड होता. सभेला तो आवडला नाही.

"आरं, तुला वर घेतल्यावर खाली कोन?" रंभाजीराव कळवळून म्हणाले. "अन् खाली कोनीच न्हाई म्हणल्यावर आमी वर हाय हे लोकांला कळायचं कसं?"

"मंग एकाला उतरवा."

वरच्या श्रेणीच्या दहाही अध्यक्षांनी मोबाईल काढले. एकाचा तर बंद होता, तरी तो बराच वेळ पाहत राहिला.

शेवटी आदिनाथच्या संघाला 'आदर्श खालचा संघ' हा किताब कायमस्वरूपी देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. दहा अध्यक्षांनी मिळून त्याला शाल घातली आणि नारळ दिला (बढती वगळून). आदिनाथने शाल खुर्चीवर ठेवली, नारळ तेवढा घेतला आणि फडाकडे जाणारी जीप धरली. मला फार वाईट वाटले. (फोटो मीच काढला.)

वाचकहो, वाईट तुम्हालाही वाटले असेल. आनंद आहे. वरची एक जागा मोकळी झाली की आदिनाथ वर येईल. राजीखुशीने खाली उतरेल असा एक माणूस मी तेवढा शोधतो आहे. आता तुम्ही निवांत बसून हे वाचता आहात, म्हणजे कुठेतरी वरच बसलेले असणार. नाही नाही, उठू नका. मी आपले सहज विचारले.