शून्याच्या दोन तक्रारी

बस डेपोच्या चौकशी खिडकीवरच्या कारकुनाला सकाळी एकदम दोन नोटिसा मिळाल्या, तेव्हा आख्खा डेपो त्या वाचायला जमला. कारण या कारकुनाला सगळे खडीसाखर म्हणत. डोळ्यांदेखत बस चुकलेल्या माणसालाही ते "आपण पुढच्या बसला लवकर आलात" असं सांगत. उभ्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध कधी तक्रार आली नव्हती. शुक्रवारी निवृत्त होताना मानपत्रात 'निष्कलंक सेवा' हे शब्द असावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या नोटिशीत होतं, 'तक्रार क्रमांक १. स्वरूप : एनए. खुलासा करावा.' दुसरीत, 'तक्रार क्रमांक ०. स्वरूप :' आणि पुढे कोरी जागा. तिचाही खुलासा करायचा होता.

"हा एनए कोण असेल?" त्यांनी घरी बायकोला विचारलं.

"असेल कोणी. मला त्या दुसऱ्याचं कौतुक वाटतं. तक्रार केली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मी करायला बसले असते तर दोनवर भागलं नसतं."

डेपो मॅनेजरनी हात वर केले. "दोन तक्रारी असताना निष्कलंक कसं लिहू हो? उद्या मलाच नोटीस येईल. आकडेवारीच्या बाईंना भेटा."

आकडेवारीच्या बाईंचं 'आर' नावाच्या संगणकभाषेचं प्रशिक्षण नुकतंच सुरू झालं होतं. त्यांनी खडीसाखरांना बसायला खुर्ची दिली.

"काका, तक्रारी आता आरमध्ये मोजतो आपण."

"आर म्हणजे बैलाला टोचतात ती?"

"तसंच समजा. टोचली की लूप फिरतं. घाण्याच्या बैलासारखं. मी त्याला सांगितलंय, प्रत्येक खात्यात एकपासून तक्रारींच्या संख्येपर्यंत फिर आणि दर फेरीला एक नोटीस काढ. तीन तक्रारी असल्या की एक, दोन, तीन. तुमच्या शून्य आहेत."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. पण लूप एकपासून शून्यापर्यंत गेलं. आरला उलटंही मोजता येतं. एक, मग शून्य. झाल्या दोन फेऱ्या."

"आणि एनए?"

"माहिती उपलब्ध नाही. पहिली तक्रार शोधायला गेलं, ती सापडली नाही. शून्य क्रमांकाची तर जागाच नसते, म्हणून ती कोरी."

"सापडली नाही म्हणून माझ्याकडे मागताय?" खडीसाखरांचा आवाज अजून खिडकीवरचाच होता. "मग दुरुस्त करा ना, बाई."

"रिकाम्या यादीचा धडा पुढच्या आठवड्यात आहे." बाई खरोखरच हळहळल्या. "बाकी सगळ्या खात्यांचं अगदी बरोबर आलंय हो. ड्रायव्हर एकमेकांना शिव्या देतात, त्यांचा आकडा चोख. तुमची एक तरी तक्रार असती ना, तर हा घोळच झाला नसता."

इथे खडीसाखर विरघळली. "म्हणजे मी नीट वागलो ही माझी चूक? जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं, ते तुमचा बैल उलटा फिरावा म्हणून?" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. बाईंचा चहा कीबोर्डवर सांडला. पुढे ते जे बोलले ते ऐकून आवारातले दोन ड्रायव्हर माहितीत भर पडेल म्हणून दाराशी येऊन उभे राहिले.

ते निघून गेल्यावर बाईंनी कीबोर्ड पुसला आणि रीतसर तक्रार नोंदवली. राग असा नव्हता, पण नियम होता. मग लूप पुन्हा चालवलं. चौकशी खिडकी : तक्रार एक, नोटीस एक.

"बघा," त्या मॅनेजरना म्हणाल्या, "प्रोग्राम मुळात बरोबरच होता."

मॅनेजरनी जुना आणि नवा तक्ता शेजारीशेजारी धरला. "दोनाची एक. म्हणजे निम्मी घट. अहो, हे कुठल्याच खात्याला जमलेलं नाही."

शुक्रवारी समारंभ झाला. 'वर्तनात उल्लेखनीय सुधारणा केल्याबद्दल' असं छापलेलं मानपत्र खडीसाखरांनी दोन्ही हातांनी घेतलं. आता तोंड उघडलं तर आकडा पुन्हा दोनवर जाईल, म्हणून ते आभाराचंही बोलले नाहीत.

घरी बायकोने मानपत्र उजेडात धरून दोनदा वाचलं.

"शिक्का खरा दिसतोय," ती म्हणाली. "ठेवा तिकडे कपाटात. घरापर्यंत पोचली सुधारणा, की मग भिंतीवर लावू."