पास्कूचे बुडबुडे

पाण्यात बुडबुडा दिसला की आमच्या वटार गावचा पास्कू खिशातून काडेपेटी काढायचा. विहीर, बावखलाचं तळं, म्हशीचं डबकं, काही सोडायचा नाही.

हे खूळ त्याला वज्रेश्वरीला लागलं. तिथल्या गरम कुंडांवर कोणी साहेब आला होता, त्याचं सामान पास्कूच्या बैलगाडीतून गेलं. साहेब म्हणाला, खोल खडकात हेलियम नावाचा दुर्मीळ वायू तयार होतो आणि या बुडबुड्यांतून थोडाथोडा वर येतो. हवेहून हलका. परदेशात दमेकऱ्याला प्राणवायूत मिसळून देतात.

माझ्या सरूला दमा. उशीला टेकून बसल्याबसल्या झोपायची. पास्कू साहेबाला सोडून तडक आमच्या ओटीवर. "वयनी, तुझा दमा गेला समज!"

त्याला ना बायको ना पोर. केळीची बाग आणि आमची ओटी, एवढाच संसार.

साहेबाची रीत त्याने उचलली. पाण्याने भरलेली बाटली पाण्यातच उलटी धरायची, तोंडाशी नरसाळं. बुडबुडे वर चढतात, पाणी खाली उतरतं. मग काडी लावायची. पेटला तर चिखलातला वायू, काडी विझली तर हेलियमची आशा. गावच्या बावखलातला भक्कन पेटला आणि पास्कूची अर्धी मिशी गेली.

सरू म्हणाली, "भावजी, उरलेली कोणासाठी ठेवलीय?" हसताहसता तिला उबळ आली. पास्कूचं तोंड उतरलं.

त्याने बैल जुंपले ते थेट वज्रेश्वरी. तिसऱ्या दिवशी परतला, बूच मारलेली बाटली मांडीत. "काडी विझली, वयनी! हाच तो!"

मी म्हटलं, "गाढवा, यात हेलियम असला तर चिमूटभर. तो वेगळा काढायला यंत्रं लागतात, बर्फाहून गार केलेला कोळसा लागतो, तुझाच साहेब म्हणाला ना?"

"चिमूट तर चिमूट."

सरूने बाटली हुंगली. कुजक्या अंड्याचा वास! तरी म्हणाली, "मोकळं वाटलं हो, भावजी."

झालं! पास्कूच्या महिन्याला खेपा सुरू.

त्या थंडीत सरू गेली. बाराव्याला पास्कू भरल्या पानासमोर नुसता बसून.

"दादा, तू तोंडावर बोलतोस म्हणून विचारतो. तिला खरंच बरं वाटायचं?"

"दमा होता तसाच होता," मी म्हटलं. "वासाने मळमळायचं तिला. पण तुझी गाडी वाजली की माझा हात न धरता उठायची, दारात जाऊन उभी राहायची."

पास्कू खाली मान घालून भात कालवायला लागला.