झाकणासकट पेशी

जी वस्तू उघडली जात नाही ती कधीच बिघडत नाही, हे सत्य मनुष्यजातीला फार उशिरा आणि हिंगोली जिल्ह्यातील एका विज्ञान महाविद्यालयाला फार लवकर उमगले. (महाविद्यालयाचे नाव येथे दिलेले नाही, फलकावरचे प्लास्टिक अद्याप काढलेले नसल्यामुळे ते नीट वाचता येत नाही.) तेथे खुर्च्या वेष्टनात होत्या, पंखे वेष्टनात होते. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक तर प्लास्टिकात, प्लास्टिक पेटीत, पेटी कपाटात, आणि कपाटाची किल्ली परिचर किसनराव यांच्या करदोड्याला होती. येणारी प्रत्येक तपासणी समिती साहित्याच्या कोरेपणाची लेखी प्रशंसा करून जाई. वापरलेल्या साहित्याची कोणी प्रशंसा केल्याचे उदाहरण नाही.

या संस्थेत प्रज्ञेश तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत असे. त्याच्या मनात वाक्ये पूर्ण तयार होत. ओठांपर्यंत येता येता त्यांची पुन्हा घडी होई. पेशीविषयी बोलताना मात्र तो मोकळा होई. डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात माणसाच्या उंचीहून लांब डीएनएचा धागा मावतो, कारण तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, असे तो सांगे. गुंडाळलेले वाचता येत नाही. म्हणून काही विकरे, म्हणजे एन्झाइम, येतात, रिळातून बाहेर डोकावणाऱ्या शेपटीला ॲसिटिल नावाची लहानशी खूण चिकटवतात. पकड सैलावते आणि तेवढाच मजकूर वाचला जातो. दुसरी विकरे ती खूण खुडून घेतात आणि धागा पुन्हा आवळला जातो. घट्ट गुंडाळलेला भाग रंग दिल्यावर गडद दिसतो.

"सगळं सगळ्यांपाशी असतं," तो खिडकीबाहेर पाहत म्हणे. "कुणीतरी येऊन सैल करावं लागतं."

शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात साखरा गावची विद्यार्थिनी शिवकन्या त्याच्या टेबलापाशी आली. पदवीची सारी वर्षे तिने वहीत पेशी काढल्या होत्या, रंगवल्या होत्या; सुबकतेसाठी तिला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळत.

"सर, एक इचारू? पेशी खरंच असती, का नुसती काढायची असती?"

हा प्रश्न प्रज्ञेशच्या मनात कुसळासारखा रुतला. शनिवारी शिक्षण संपवून ही मुलगी निघून जाणार, आणि पेशी असते हे तिने केवळ त्याच्या शब्दावर मानलेले असणार. त्याने सूक्ष्मदर्शक उघडण्याची परवानगी मागितली.

प्राचार्य अमृतराव यांना विनंतीतील घाई समजेना. पेशीसुद्धा सारे गुंडाळूनच ठेवते, हे तुम्हीच शिकवता. तेव्हा आपली पद्धत शास्त्रशुद्धच ठरली, असे ते म्हणाले. त्याच पेशीत सैल करणारेही असतात, असे प्रज्ञेशने मान खाली घालून सांगितल्यावर त्यांनी समिती नेमली. (पेशीत हे काम क्षणात होते, परंतु पेशीत लेखापरीक्षण नसते.) समितीने ठरवले: संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांच्या हस्ते पेटी व प्लास्टिक उघडावे, उपस्थितांनी पेशी पाहावी, नंतर सर्व पूर्ववत बांधावे.

शनिवारी हार-तुरे झाले. किसनरावांनी प्लास्टिक सोलून, घडी घालून, छातीशी धरले. प्रज्ञेशने कांद्याचा पापुद्रा रंगवून काचपट्टीवर ठेवला आणि खालच्या भिंगावरच्या काळ्या टोपीकडे हात नेला.

"टोपीचा हुकूम न्हाई, सर," किसनराव कानाशी पुटपुटले. ते खरे होते. परवानगीत टोपीचा उल्लेख नव्हता. प्रज्ञेशचा हात मागे आला.

उत्तमरावांनी डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता. ते बराच वेळ पाहत राहिले.

"लई खोल हाय," ते म्हणाले.

मग अमृतरावांनी पाहिले. "बराबर. गडद म्हंजे घट्ट. पॅकिंग एक नंबर हाय."

पुढे सेवाज्येष्ठतेनुसार सर्वांनी पाहिले. एकाला पेशीभित्तिका दिसली; त्याच्याहून ज्येष्ठ असलेल्याला, दुसऱ्यांदा पाहिल्यावर, तीही दिसली आणि केंद्रकही. टाळ्या झाल्या. शेवटी शिवकन्येची पाळी आली. तिने पाहिले, डोळा चोळला, पुन्हा पाहिले.

"सर, अंधार दिसून राहिला."

नवख्यांना सुरुवातीला असेच वाटते, असे अमृतरावांनी तिला मायेने समजावले. ती प्रज्ञेशकडेच पाहत होती. त्याच्या मनात वाक्य तयार झाले, ओठांपर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे त्याची घडी होऊ लागली. त्याने ते वाक्य तिथेच सोडले, हात पुढे केला आणि टोपी काढली.

शिवकन्या वाकली. फार वेळ ती हललीच नाही.

"असती की, सर," ती हळूच म्हणाली. "भिंतीच्या इटांवानी. आन् परत्येकीत एक ठिपका."

टोपी विनापरवाना काढल्याबद्दल पुढील वर्षापासून प्रज्ञेशच्या तासिका बंद करण्यात आल्या. सूक्ष्मदर्शक पूर्ववत बांधला गेला. त्यानंतर आलेल्या समितीलाही तो कोराच वाटला. शिवकन्येने त्या दिवशी काढलेल्या आकृतीचे मात्र गुण कापले गेले, कारण ती पुस्तकातल्यासारखी नव्हती.

काळोखात पेशी पाहणाऱ्या मंडळींना वाचक हसले असतील, तर त्यात गैर काही नाही. फक्त एवढेच, की वर 'ॲसिटिल' हा शब्द आला तेव्हा आपणही मान डोलावून पुढे सरकलात. ते काय असते, कोणी पाहिले, असे आपण विचारले नाही. आपल्या भिंगावरची टोपी अद्याप जागेवर आहे. तिला हात लावू नये. कोरेपणाची प्रशंसा करणारी समिती कोणत्याही दिवशी येऊ शकते.