सुपाचे दात

गुलाबकाका ट्रॅक्टरचे दात बघतात. अकोल्याला जुन्या यंत्रांचा लिलाव असला की भर गर्दीत बघतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. पुढे लोखंडी सूप बसवलेला, माती उचलून भरणारा ट्रॅक्टर उभा असतो. बाकीची गिऱ्हाइकं इंजिन सुरू करायला लावतात. काका उकिडवे बसून सुपाच्या काठाचे पोलादी दात एकेक चाचपतात. बैलबाजारात बैलाचा ओठ वर करून वय ओळखावं, अगदी तसं.

"रंग म्हंजे पावडर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पावडर मले नोको दाखवू. दात दाखव."

काका आमच्याच गावचे, मूर्तिजापूरकडचे, काळ्या जमिनीचे मालक. त्यांना हा नाद लागलाच कुठून, याचं मला फार कुतूहल होतं. सूप तारेच्या दोराने उचललं जातं की तेलाच्या दाबाने, यावरून ते यंत्राची पिढी सांगत. सांधे किती खिळखिळे, यावरून ते किती राबलंय ते सांगत. किंमत मात्र रुपयांत कधीच नाही. "तीन बैलजोड्या." नाहीतर, "एक म्हैस. तेबी भाकड." आणि तीही उघड बोलायची नाही, बैलबाजाराच्या रिवाजाने दुपट्ट्याखाली हात धरायचा, आकडा बोटं दाबून सांगायचा आणि बाकीचं कानात.

"काकाजी, मोठ्यानं बोला ना!" लिलाववाला वैतागायचा.

"त्याले ऐकू जाईन ना बावा," काका ट्रॅक्टरकडे डोळा करून म्हणायचे.

एकदा एका ठेकेदाराने पिवळंधम्मक रंगवलेलं धूड 'जवळजवळ नवं' म्हणून आणलं होतं. जनतेच्या डोळ्यांत धूळ फेकणारी ही जमात! काकांनी वाकून पाहिलं. "पुढचा आस वाकला हाये. शेतातला ट्रॅक्टर हाये हा बिचारा. नांगराच्या बैलाले घाण्याले जुंपलं, अन् वरून झूल टाकली."

"पाटी वाचा काकाजी, पाटी!"

"पाटी इस्क्रूची. खालचा लोखंडातला वतीव नंबर जनमाचा. तो काहून घासला रे?"

मी गावातल्या समितीचा कार्यकर्ता, त्याच आठवड्यात या फसवणुकीवर पत्रक काढलं.

पण दुसरं पत्रक खुद्द काकांवरच काढायची वेळ आली. आमच्या गावचा तलाव गाळाने भरला होता. भर उन्हात बायाबापड्या डोक्यावर टोपल्या वाहत होत्या, आणि काकांच्या गोठ्यात असाच एक सूपवाला ट्रॅक्टर ताडपत्रीखाली झोपलेला! माणसं राबतात आणि यंत्रं झोपतात, ही कुठली नीती? मी हे त्यांच्या ओसरीवर जाऊन तोंडावर विचारलं. "पावसाआधी गाळ निघाला पाहिजे, काकाजी. किंमत सांगा, आमची समिती विकत घेते."

"भाकड हाये ते."

"भाकड आहे, तर मग एवढं झाकून काहून ठेवलं?"

"पोट्ट्या, तू लय पत्रकावानी बोलून राहिला."

मी सरळ गोठ्यात गेलो आणि ताडपत्री ओढली. काकांच्याच पद्धतीने पाहणी केली. वतीव नंबर शाबूत, आस सरळ, सांधे घट्ट. मग सुपापुढे उकिडवा बसलो, आणि चमकलो. दात नव्हतेच. झिजलेले नव्हते, करवतीने कापून, कानस मारून काठ गुळगुळीत केलेला. आत एक लाकडी फळी ठोकलेली, तिच्यावर घडी घातलेली वाकळ.

"दात कोणी कापले? निम्मी किंमत गेली की हो!"

काका दारात उभे होते. "मीनंच."

"तुमी?"

"तुह्या काकीले शेवटी शेवटी चालता येत नोतं. बैलगाडीत हाडं दुखत. अन् कपाशी फुटली की तिले वावर पाहाचंच असे. मंग सुपात बसवून नेत होतो. दातं लुगड्याले अटकत, म्हून कापले." ते थोडंसं हसले. "गाव हासे. तीबी हासे. वरतून मले म्हणे, अजून वर न्या, भाऊजीचं वावर दिसू द्या, आपल्याहून बरं हाये का पाहातो."

मी ओढलेली ताडपत्री गोळा करू लागलो.

"गाळ नरम असते," काका म्हणाले. "दातं नाई लागत. ने."

"आणि किंमत?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून माझा हात धरला. मी बोटं दाबायची वाट बघत राहिलो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून, सुपाकडे बघत उभे राहिले.

मग दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "फळी तेवढी काढू नोको."