चालती-बोलती खोली

रक्तपेढीच्या खिडकीवर एकच नियम चिकटवलेला होता : रुग्णाच्या मनगटाला नाव-गटाची पट्टी बांधल्याखेरीज रक्ताची पिशवी मिळणार नाही. नियम चांगला होता. एकाचं रक्त दुसऱ्याला जाऊ नये म्हणून केलेला. अडचण एवढीच की, आज आलेल्या रुग्णाचं मनगट अजून जगात आलेलं नव्हतं.

रुग्णाला सातवा महिना चालू होता. जन्मानंतरचा नव्हे, जन्माआधीचा. आईचं रक्त निगेटिव्ह, बापाचं पॉझिटिव्ह, आणि बाळ गेलं बापावर. एखादी सोसायटी नव्या भाडेकरूशी वागते तसं आईचं रक्त बाळाशी वागू लागलं. त्याच्या तांबड्या पेशी मोडून काढू लागलं. बाळ आतल्या आत फिकट पडत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच नाळेतून रक्त द्यायला हवं. पिशवी घेऊन या, मी वर तयारी करते."

"पुढचा!" खिडकीतल्या कारकुनाने पुकारलं. त्याला सगळे पट्टीसाहेब म्हणत.

"ओ निगेटिव्ह, एक पिशवी," नवरा म्हणाला.

"रुग्ण कुठाय?"

नवऱ्याने बायकोच्या पोटाकडे बोट दाखवलं. पट्टीसाहेबांनी खिडकीतून वाकून नीट पाहिलं आणि ते पुन्हा बसले. "हात बाहेर काढायला सांगा."

"अहो, पट्टी आईलाच बांधा की," बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"मग रक्त आईच्या गटाचं निघेल. ए निगेटिव्ह. देऊ?"

"ते बाळाला चालत नाही."

"तर बाळाला बांधा."

"मग बापाचंच घ्या," रांगेतून कुणीतरी सुचवलं.

"त्याच्याच रक्तानं तर हा घोळ घातलाय," सासूबाई मुलाकडे बघत म्हणाल्या. "लहानपणापासून तसंच आहे त्याचं. कुणाला म्हणून मानवत नाही."

रांग तापली. गॉगलवाल्या एका गृहस्थाने मोबाइल उंच धरला. "बघा मंडळी, बाळ तडफडतंय आणि हे पट्ट्या मोजतायत! माणुसकी मेली!" आवाज चढले तसे अधीक्षक धावत आले. त्यांनी प्रश्न समजून घेतला, डोळे मिटले आणि उघडले.

"रुग्ण कुठे राहतो?"

"आईच्या पोटात."

"म्हणजे आई ही खोली झाली. भाजलेल्या रुग्णाच्या मनगटाला पट्टी बांधता येत नाही, तेव्हा आपण ती खोलीच्या दाराला लावतो. लावा!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. आईच्या मनगटाला, म्हणजे दाराच्या कडीला, पट्टी बांधली गेली आणि पिशवी बाहेर आली. ती हातात पडते न पडते तोच रखवालदाराने नवऱ्याला बाजूला केलं. "खोलीत भेटायची वेळ संध्याकाळी." सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. "खोली पुसायची राहिलीय."

"पुसा, पण हळू," सून हसत म्हणाली. "गुदगुल्या होतात."

लिफ्टवाल्याने मात्र दार अडवलं. "लिफ्टमधून माणसं जातात. खोल्या नाही."

"मग जिन्याने जाते."

"भलतंच!" अधीक्षक घाबरले. "पिशवीवर याच खोलीचा पत्ता आहे. खोली हलली की पत्ता चुकला. पिशवी परत करावी लागेल."

सून बाकावर टेकली. पोटावर हात ठेवून ती हलक्या आवाजात गुणगुणू लागली :

माझ्या गं पाखरा, नको भिऊ अंधाराला
तांबडं फुटंल, तुझ्या नाळेच्या दाराला

आतून एक लाथ आली. पण कशी, तर दमल्यासारखी. तिचं हसू मावळलं. ते पाहून सासूबाईंनी अधीक्षकांकडे असं पाहिलं की त्यांनी टाय सैल केला.

तेवढ्यात जिन्यावरून डॉक्टरीणबाईच उतरल्या. मागून सोनोग्राफीचं यंत्र ढकलत दोन परिचारिका. "खोली हलत नसेल तर मी खोलीत येते. शेजारच्या रक्तदानाच्या खोलीत आडोसा करा."

"खोलीत खोली?" अधीक्षक पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पोटखोली! पोटखोलीला परवानगी आहे!"

रक्तदानाची आडवी होणारी खुर्ची भिंतीला सरकवून तिथे पलंग लावला. खुर्ची हलवायला कुणाला उठवावं लागलं नाही. ती रिकामीच असते. पडद्यावर बघत डॉक्टरीणबाईंनी नाळेतली शीर गाठली, आणि थेंब थेंब रक्त बाळाकडे निघालं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आणि ओठांवर हसू होतं. "पाखरू गुलाबी होतंय!" टाळ्यांनी खिडकीसमोरचा बोळ दणाणला. गॉगलवाल्याचे डोळे पाणावले. तेही त्याने चित्रित केलं.

"पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि या गटाची ती शेवटची पिशवी होती."

"माझीच होती ती," खिडकीतून पट्टीसाहेब म्हणाले. "परवा दिलेली. म्हणून जरा जास्त विचारत होतो, कुठं निघालीय. आता तीन महिने मला देता येत नाही. नियम."

टाळ्या वाजवणारे हात हळूच खिशात गेले.

नवऱ्याने बाही सरसावून खुर्ची गाठली. त्याचा गट बाळाच्या कामाचा नव्हता, पण कुणाच्या तरी कामाचा होताच. त्याचं झालं, आणि खुर्ची पुन्हा रिकामी.

"माझं पोट रिकामं आहे," गॉगलवाला म्हणाला.

"माझं आत्ताच भरलंय," दुसरा म्हणाला.

"मला सुईची भीती वाटते हो."

"बाळाला कुणी विचारलं नाही," पट्टीसाहेब म्हणाले.

बघता बघता बोळ ओस पडला. सासूबाई सुनेचे केस सारखे करत होत्या. पट्टीसाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. एक जण अजून उभा होता. पहिल्या ओळीपासून इथेच होता, पट्टीला हसला, पोटखोलीला हसला, रांगेबरोबर मनातल्या मनात टाळ्याही वाजवल्या. आता गोष्ट संपत आली म्हणून हळूच पान उलटायच्या बेतात होता.

"पुढचा!" पट्टीसाहेबांनी तुम्हाला पुकारलं.