शाल्मलीला आलेलं स्थळ

व्हिडिओ गेमच्या क्षेत्राकडून आमच्या सात वर्षांच्या शाल्मलीला स्थळ आलं, आणि पोहे करावेत की नुसतं भडंग पुढं ठेवावं या काळजीनं माझा डोळ्याला डोळा लागेना.

मिरजेत मूल दुसरीत गेलं की क्षेत्रं घरी बघायला येतात. वैद्यकी येणार असेल तर ओलं खोबरं घालून पोहे, आणि वास जिनाभर जाईल असा तुपातला शिरा. वरच्या मगदूमकाकूंच्या नातवाला वैद्यकीनं पसंत केलं तेव्हा काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. गेमसाठी काय करतात, हे मला कुणाला विचारता येईना. विचारलं असतं तर गेमचं स्थळ आलंय हे बिल्डिंगभर कळलं असतं. शेवटी मी भडंग ठरवलं. भडंग काय, सहज आलेल्या माणसालाही देतो आपण. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय; त्याचा अशा वेळी काही उपयोग होत नाही.

रविवारी गेम क्षेत्र आलं. सोबत त्याचे थोरले चुलतभाऊ, ॲनिमेशनभाऊ. चपलांच्या स्टँडपाशी क्षेत्र जरा अडलं आणि गेममधल्या माणसासारखं तिथल्या तिथे चालत राहिलं. माझ्या नवऱ्यानं, कौस्तुभनं, स्टँड सरकवला तेव्हा आत आलं.

"नोकरी पर्मनंट असते का?" कौस्तुभनं विचारलं.

"गेम चालला तर. नाही चालला तर सगळी टीम घरी बसते."

"आणि रविवारची सुट्टी?"

ॲनिमेशनभाऊ पंख्याकडे बघू लागले.

"गेम बाजारात यायच्या आधी नसते," क्षेत्र म्हणालं. "लपवून काय करायचं? उद्या तुम्ही आम्हालाच बोलाल."

मग ते शाल्मलीकडे वळलं. "बाळ, आमच्याकडे येऊन तू चित्रं काढणार, प्रोग्रॅम लिहिणार, आवाज देणार, की खेळ रचणार?"

"रचणार." तिनं हॉलभर मांडलेली डब्यांची झाकणं दाखवली. "हा माझाय. झाकणांवरूनच चालायचं. पडलं की दारापासून परत. पण आऊट कुणीच नाही."

"मग संपतो कधी?"

"जमलं की."

क्षेत्रानं भावाकडे पाहिलं. पसंती कशी दिसते, एवढं मला कळतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मगदूमकाकू, हातात विरजणाला वाटी.

"काय गं गायत्री, पावणे आलेत होय? कुणाचं स्थळ म्हणायचं?"

"छे हो काकू," मी म्हणाले. "पाण्याच्या फिल्टरचे आहेत."

कौस्तुभ भडंगाच्या बशीत बघत राहिला. गेम क्षेत्र बशी खाली ठेवून स्वयंपाकघरात गेलं, फिल्टरचं झाकण काढून मनापासून आत बघू लागलं. ॲनिमेशनभाऊंनी मोबाइलचा उजेड धरला.

"कँडल बदलायला झालीय," क्षेत्र म्हणालं.

"जाताना आमच्याकडंपण बघा हं," असं म्हणून काकू विरजण घेऊन वर गेल्या.

दोघांनी झाकण नीट बसवलं, हात पुसले. मी सिंकपाशी उभी होते. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

"येतो वहिनी," क्षेत्र म्हणालं. "भडंग छान होतं."

स्टँडपाशी ते पुन्हा अडलं आणि तिथल्या तिथे चालत राहिलं. मी पुढं होऊन स्टँड सरकवायला हवा होता. माझी मान वर होईना.

शाल्मली झाकणांमधून उठली आणि दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"थांबा. आई पडली," ती म्हणाली. "सगळे परत दारापासून. मी काकूंना परत वाटी घेऊन यायला सांगते. आई, तू पोहे भिजव."