तुलनेसाठी एक मूल हवे आहे

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात येणारे प्रत्येक बिघडलेले मूल कॉमिक्स वाचत होते. यावरून मुले कॉमिक्समुळेच बिघडतात, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे भाषणे देऊन सिद्ध केले होते. आता सरकारी समिती कॉमिक्सवर बंदी घालायला तयार होती. घोडे अडले ते एका अटीपाशी: कॉमिक्स कधीच न वाचलेले एक तरी मूल तुलनेसाठी दाखवा, नाहीतर विषय कायमचा बंद.

डॉक्टरांनी शहर पालथे घातले. असे मूल सापडेना. एक तान्हे बाळ मिळाले, पण त्याने एका अंकाचा कोपरा चघळला होता. त्याची नोंद 'पोटातून झालेला परिणाम' अशी करावी लागली.

"मग मलाच घे," डॉक्टर धाकट्या बहिणीला म्हणाले. ती संख्याशास्त्र शिकवायची आणि त्यांचे आकडे तपासून द्यायची. "बाबांनी लहानपणी मला कॉमिक्सला हातसुद्धा लावू दिला नाही."

"माहीत आहे. तुझ्या वाटचे मीच वाचायचे." तिने डॉक्टरांचीच प्रश्नावली उघडली. "झोप लागते?"

"शत्रू जागा असताना कशी लागेल?"

"कोण शत्रू?"

"प्रकाशक. सगळे एकमेकांना सामील आहेत."

"शहराला आपणच वाचवणार, असं वाटतं?"

"वाटतं काय? दुसरं आहे कोण?"

बहिणीने गुण मोजले. "दादा, बिघडलेल्या मुलांची सरासरी नऊ आहे. तुझे एकतीस."

डॉक्टर पांढरे पडले. हातातोंडाशी आलेला घास जात होता. मग एकदम त्यांची कळी खुलली. "अगं, पण बंदीसाठी मी चारशे अंक वाचलेत. मुलं कुठे एवढं वाचतात? हा त्याचाच परिणाम."

"म्हणजे तू तुलनेचा नाहीस, रुग्ण आहेस."

"रुग्ण नाही, पुरावा आहे," डॉक्टर समाधानाने म्हणाले.

समितीपुढे त्यांनी स्वतःलाच सादर केले. अध्यक्षांनी त्यांचे भाषण अर्धे ऐकले आणि इतका ढळढळीत परिणाम समोर असताना तुलनेची गरज नाही, असा निर्णय दिला. बंदी एकमताने मंजूर झाली.

प्रकाशकांनी चित्रे गाळून नुसता मजकूर विकायला काढला. डॉक्टर डोळ्यांत तेल घालूनच बसले होते. त्यांनी व्याख्या सुधारून घेतली: वाचताना डोक्यात चित्र उमटवणारे सर्व लेखन म्हणजे कॉमिक्स.

ही गोष्ट त्या व्याख्येत बसत नाही. हिच्यात डॉक्टरांच्या चष्म्याचा कुठेही उल्लेख नाही. तरी तुम्हाला तो दिसला असेल, तर दवाखान्यात नाव नोंदवा. रांग मोठी आहे, आणि वाट बघताना वाचायला काही मिळणार नाही.